रिफिटचा खरा आकडा जहाज उघडल्यावरच कळतो

नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी बातमी आली की आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाच्या शॉर्ट रिफिट (कमी मुदतीची मोठी दुरुस्ती) आणि ड्राय डॉकिंगसाठी (जहाज कोरड्या गोदीत घेणं) संरक्षण मंत्रालयाने कोचीन शिपयार्डशी १२०७.५ कोटींचा करार केला. त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर, बिल्डिंगच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच सूर होता, "नुसत्या दुरुस्तीला बाराशे कोटी? कोण खातंय एवढं?" मला वाईट वाटलं, पण राग नाही आला, कारण प्रश्न विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही, पैसे आपल्याच खिशातले आहेत, विचारायलाच पाहिजे. फक्त या खर्चाबद्दल मराठीत कोणी नीट सांगतच नाही. नवीन जहाजाचं जलावतरण असलं की फोटो, नारळ, भाषणं सगळं येतं आणि मग पुढची तीस-पस्तीस वर्षं ते जहाज चालतं ठेवायला काय लागतं याची एक ओळ कुठे दिसत नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहू.

मी शिप रिपेअरच्या लाइनमध्ये आहे, मुंबईत, पंप, व्हॉल्व्ह, कूलर ओव्हरहॉल करणं हे आमचं काम, जहाजं सगळी व्यापारी. नेव्हीच्या कामाची जी समज आहे ती काकांमुळे. त्यांनी नेव्हल डॉकयार्डात बॉयलरमेकर म्हणून नोकरी केली, लायन गेटमधून सकाळी आत आणि संध्याकाळी बाहेर, रिटायर होईपर्यंत. कामाच्या आतल्या गोष्टी त्यांनी घरी कधी सांगितल्या नाहीत आणि आम्हीही विचारल्या नाहीत, पण लोखंड कसं सडतं, बॉयलरची ट्यूब कशी फसवते, हे मात्र जेवताना सुद्धा सांगायचे.

तर आधी हे समजून घ्या की जहाज डॉकमध्ये गेल्यावर नक्की होतं काय. डॉकच्या तळाशी जहाजाच्या ड्रॉइंगप्रमाणे ब्लॉक मांडतात, डॉकमध्ये पाणी भरतात, जहाज आत घेतात, गेट लावतात आणि पाणी उपसायला सुरुवात करतात. जहाज हळूहळू ब्लॉकवर बसतं. मग खाली उतरलं की पहिला येतो तो वास, शेवाळ, शिंपले, कालवं सगळं बुडाला चिकटलेलं असतं, ते हाय प्रेशरने धुतात. त्यानंतर थिकनेस गेजिंग, म्हणजे प्लेटची जाडी मोजणं. माणूस एक छोटा पॅच ग्राइंडरने चकचकीत करतो, त्यावर जेल लावतो, प्रोब टेकवतो, मीटरवर आकडा येतो आणि तो आकडा तिथेच खडूने प्लेटवर लिहितो. दहा एमएमची प्लेट असेल तर ९.४, ९.१, ८.८ असे आकडे येत असतात, सगळे निवांत असतात, आणि मग एका ठिकाणी ६.९ येतो. तो बाजूला परत टेकवतो, ६.७. मग तिथे खडूने मोठा चौकोन होतो आणि तिथून रिफिटचं बजेट बदलतं.

कारण बाहेरून दिसणारा दोन मीटरचा चौकोन म्हणजे आतून काय आहे ते बघा. युद्धनौकेत जागा म्हणून नसतेच. त्या प्लेटच्या मागे इन्सुलेशन, त्याच्या पुढे केबलचे जुडगे, पाइप, व्हेंटिलेशनचे ट्रंक, कुठे ऑइल टँक. प्लेट कापायची तर हे सगळं आधी काढायचं, टँक असेल तर रिकामा करून, साफ करून, गॅस फ्री सर्टिफिकेट घ्यायचं, हॉट वर्क परमिट घ्यायचं, आत-बाहेर फायर वॉच (आगीवर नजर ठेवणारा माणूस) उभा करायचा, मग कटिंग, मग नवीन प्लेट, वेल्डिंग, टेस्टिंग, पेंट आणि मग काढलेलं सगळं परत बसवायचं. आणि केबल काढली की बऱ्याचदा कळतं की तिचं इन्सुलेशनच कडक होऊन तडकलंय, ती परत लावण्यात अर्थ नाही. म्हणजे स्टीलचं काम निघालं होतं, त्यातून इलेक्ट्रिकलचं काम निघालं. जुन्या चाळीत एका भिंतीचं प्लास्टर काढलं की मागची बीम सडलेली सापडते आणि मालकाचा अंदाज कोलमडतो, अगदी तोच प्रकार, फक्त इथे चाळ समुद्रात जायची असते आणि त्यावर दारूगोळा असतो.

आमच्या लाइनमध्ये याला ग्रोथ म्हणतात, कामाची वाढ. करारात एक डिफेक्ट लिस्ट असते, जहाज उघडल्यावर दुसरी तयार होते, आणि दुसरी नेहमी मोठी असते. व्यापारी जहाज पाच वर्षांत साधारण दोनदा डॉकिंग करतं आणि डॉकमधला एकेक दिवस मालकाला खुपत असतो, म्हणून तो आधीपासून तयारी करून येतो, आणि वाहतुकीचा धंदा परवडेना झाला तर जहाज सरळ भंगारात काढतो. नेव्हीला तसं करता येत नाही. तिला जहाज तीस-चाळीस वर्षं लढाऊ ठेवायचंय, मधेच रडार बदलायचंय, मिसाइल बदलायचंय, आणि तेही हुल, म्हणजे जहाजाचा सांगाडा, तोच ठेवून.

या ग्रोथचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच विक्रमादित्यचं आहे आणि ते मला अजूनही सलतं. जानेवारी २००४ मध्ये रशियाशी करार झाला. ॲडमिरल गोर्शकोव्ह (हीच पुढची विक्रमादित्य) हे जहाज आपल्याला तसं फुकट मिळत होतं, फक्त रिफिटचे ९७.४ कोटी डॉलर द्यायचे आणि २००८ ला जहाज ताब्यात. जहाज सोव्हिएत काळात मिकोलाइवला बांधलेलं, १९८७ मध्ये बाकू नावाने नौदलात दाखल झालेलं, १९९४ मध्ये बॉयलर रूममध्ये स्फोट झालेला, १९९६ ला सेवेतून बाहेर. म्हणजे कितीतरी वर्षं ते नुसतं उभं होतं. आणि उभं जहाज चालत्या जहाजापेक्षा जास्त सडतं हे आमच्या धंद्यातलं पोरगं पण सांगेल, पाणी साठतं, कोणी बिल्ज (तळाचा पाणी साठणारा भाग) बघत नाही, पंप फिरवत नाही, व्हॉल्व्ह जॅम होतात. त्यात हे जहाज मुळात अर्धं क्रूझर अर्धं विमानवाहू होतं, पुढच्या भागात मिसाइल होती, ते सगळं काढून सलग फ्लाइट डेक आणि पुढे स्की-जंप (विमान उडायला वर वळवलेला उतार) करायचा होता. आणि काम दिलं गेलं सेवेरोद्विन्स्कच्या सेवमाश यार्डला, ज्यांचा हात बसलेला होता अणुपाणबुड्यांवर.

जहाज उघडलं आणि मग व्हायचं तेच झालं. २००७ मध्ये रशियाने सांगितलं, अजून १२० कोटी डॉलर लागतील, काम अंदाजापेक्षा फार जास्त आहे, केबलिंग तर कितीतरी पटीने जास्त. आपण तोपर्यंत पैसे भरून बसलो होतो, मागे फिरायची सोय नव्हती. २०१० मध्ये घासाघीस होऊन आकडा २३० कोटी डॉलरच्या वर ठरला. २५०० पैकी १७५० कंपार्टमेंट नव्याने करावे लागले असं आपल्याच नौदलाने नंतर सांगितलं, म्हणजे याला रिफिट म्हणायचं का नवीन बांधणी हाच प्रश्न आहे. २०१२ च्या ट्रायलमध्ये फुल स्पीडला बॉयलर बिघडले, आठपैकी सात, आतलं विटांचं इन्सुलेशन टिकलं नाही, पुन्हा वर्ष गेलं. काकांनी ती बातमी पेपरात दोनदा वाचली होती, म्हणाले, "अरे बॉयलरची वीट निसटली की वरून काहीच दिसत नाही, फुल लोड दिल्याशिवाय ती बोलतच नाही." शेवटी नोव्हेंबर २०१३ ला जहाज कमिशन झालं. मधल्या काळात कॅगने २००९ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की हे सेकंड हँड आणि कमी आयुष्य उरलेलं जहाज नव्या जहाजापेक्षा ६० टक्के महाग पडणार.

मी जहाजाला नावं ठेवत नाहीये. आधीची विमानवाहू विराट म्हातारी झाली होती, आणि विक्रमादित्य आली नसती तर २०१७ ला विराट निवृत्त झाल्यापासून २०२२ ला नवीन विक्रांत येईपर्यंत आपल्याकडे एकही विमानवाहू नसती. मला सलतं ते एवढंच की जहाज पूर्ण न उघडता, न मोजता, न तपासता आकडा ठरवला आणि त्याला किंमत म्हटलं. तिथेच सगळं हुकलं. तो आकडा किंमत नव्हताच, तो अंदाज होता.

आता दुसरी गोष्ट, स्पेअर्स. ही हळूहळू गळा आवळणारी आहे आणि हिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. आपल्या ताफ्यातली बरीच जहाजं गॅस टर्बाइनवर चालतात आणि त्यातली कितीतरी टर्बाइन झोर्या-मशप्रोयेक्त या कंपनीची, ती कंपनी युक्रेनमध्ये, त्याच मिकोलाइवमध्ये जिथे गोर्शकोव्ह बांधली गेली. सोव्हिएत युनियन होतं तेव्हा हुल एका ठिकाणी, इंजिन दुसऱ्या ठिकाणी असं चालायचं, सगळा एकच देश. देश फुटला, मग २०१४ ला रशियाने युक्रेनचं क्रिमिया घेतलं, २०२२ ला युद्ध पेटलं. आता रशियात बांधलेल्या आपल्या आयएनएस तुशिलला, जी डिसेंबर २०२४ ला कालिनिनग्राडमध्ये कमिशन झाली, इंजिन युक्रेनचं आहे. विचार करा, दोन देश एकमेकांशी लढतायत आणि आपल्याला पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या एका जहाजासाठी दोघांशी बोलत राहायचंय. स्पेअरचा भाव अशा वेळी कॅटलॉगमधून ठरत नाही, गरजेतून ठरतो. त्यात रुपया, २००४ ला डॉलर साधारण ४५ रुपयांना होता, २०२४ संपताना ८५ ला टेकला. म्हणजे डॉलरमधली किंमत एक सेंटने वाढली नसती तरी आपलं बिल जवळपास दुप्पट.

आणि जिथे पार्ट मिळतच नाही तिथे दुसऱ्या जहाजावरचा काढून बसवतात, ज्याला कॅनिबलायझेशन म्हणतात. हे जगभर सगळ्या नौदलांत चालतं. आज एक जहाज सुटतं, पण ज्याचा पार्ट काढला ते जहाज डॉकला आलं की त्याच्या डिफेक्ट लिस्टमध्ये एक ओळ आधीच वाढलेली असते. खर्च कुठे जात नाही, फक्त पुढच्या जहाजाच्या नावावर पडतो.

स्टीमचं पण तसंच. आयएनएस बियास ही कोलकात्यात बांधलेली ब्रह्मपुत्रा क्लासची फ्रिगेट, स्टीमवर चालणारी. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी ३१३.४२ कोटींचा करार झाला, मिड लाइफ अपग्रेड आणि सोबत स्टीम काढून डिझेल बसवायचं. या क्लासमधली अशी पहिलीच. काकांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले, आयुष्य स्टीममध्ये गेलेलं. पण मग त्यांनीच सांगितलं की बरोबर आहे, ट्यूब एक्स्पांड करणारे हात राहिले नाहीत, त्यांच्या बॅचचे सगळे रिटायर झाले आणि नव्या पोरांना स्टीम शिकवायचं तर कशावर शिकवणार. मला वाटतं हा निर्णय या सगळ्या विषयातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे. जुनी मशिनरी जिवंत ठेवण्यात दरवर्षी पैसे घालवण्यापेक्षा एकदाच मोठं ऑपरेशन. अवघड आहे, इंजिन फाउंडेशन बदलणार, वजनाचा हिशोब बदलणार, स्टॅबिलिटी परत काढावी लागणार, पण एकदा झालं की स्टीमच्या स्पेअर्सची आणि माणसांची चिंता संपते.

वेळेचं बघा आता. आयएनएस सिंधुकीर्ती ही पाणबुडी २००६ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डला रिफिटला गेली आणि २०१५ ला बाहेर आली. नऊ वर्षं. पाणबुडीचं काम यार्डला नवीन होतं, सामान बाहेरून यायचं होतं, आणि ग्रोथ होतीच. २०२३ मध्ये याच पाणबुडीच्या नॉर्मल रिफिटचा पुन्हा करार झाला, ९३४ कोटी. त्याच वर्षी आपल्या माझगाव डॉकला आयएनएस शंकुशचं काम मिळालं, मीडियम रिफिट आणि लाइफ सर्टिफिकेशन, २७२५ कोटी. शंकुश जर्मनीत कीलला बांधलेली, १९८६ मध्ये कमिशन झालेली. जवळपास चाळिशीतल्या पाणबुडीवर एवढा खर्च का, तर नवीन पाणबुड्या वेळेवर आल्या नाहीत म्हणून. हे सरळ गणित आहे, नवीन बांधणीला झालेला उशीर जुन्याच्या रिफिटच्या बिलात निघतो. लोक रिफिटच्या आकड्यावर चिडतात, पण तो आकडा पंधरा-वीस वर्षांपूर्वी न घेतलेल्या निर्णयाचा असतो.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. अमेरिकेची यूएसएस बॉइसी ही अणुपाणबुडी २०१५ ला शेवटच्या तैनातीवरून परत आली, यार्डात जागा नाही म्हणून थांबली, २०१७ मध्ये तिचं डाइव्हचं सर्टिफिकेट संपलं, आणि ओव्हरहॉलचा १२० कोटी डॉलरचा करार झाला तो थेट फेब्रुवारी २०२४ ला, काम संपवायची तारीख २०२९. चांगली पाणबुडी, क्रू होता, फक्त डॉक रिकामा नव्हता. त्यांच्या क्रूझर जहाजांची कथा तर अजून वाईट. सात क्रूझर मॉडर्नाइज करायला घेतले, त्यांच्या ऑडिट खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ३७० कोटी डॉलर खर्च झाले, त्यातले १८४ कोटी अशा चार जहाजांवर गेले जी परत समुद्रावर तैनात न होताच सेवेतून काढली, आणि पूर्ण होणार फक्त तीन. करारात ९००० बदल झाले होते. ९०००! हीच ती ग्रोथ, खडूचे चौकोन.

रिफिटमध्ये अजून एक खर्च आहे जो पैशात मोजायला मला जड जातं. उघडं पडलेलं जहाज हे सगळ्यात असुरक्षित जहाज असतं. फायर मेन (आग विझवायच्या पाण्याची पाइपलाइन) बंद असते, हॅच उघडे, सगळीकडे तात्पुरत्या केबल, गॅसचे होज, ठिणग्या, आणि स्वतःचा क्रू कमी. २०२० च्या जुलैमध्ये सॅन दिएगोला मेंटेनन्समध्ये असलेल्या यूएसएस बॉनहोम रिचर्डला आग लागली, चार दिवस जळत होती, दुरुस्तीचा अंदाज २५० ते ३२० कोटी डॉलर आला आणि शेवटी ती भंगारात गेली. आपल्याकडे मुंबईत डिसेंबर २०१६ मध्ये आयएनएस बेतवा अनडॉकिंग करताना कलंडली, दोन नौसैनिक गेले. जुलै २०२४ मध्ये रिफिट चालू असताना आयएनएस ब्रह्मपुत्राला आग लागली, तिथेही एक नौसैनिक गेला. जहाज गेलं की बातमी होते पण त्याच वेळी बाकीच्या जहाजांना त्याची ड्युटी पण करावी लागते, त्यांचे रिफिट पुढे ढकलले जातात, मग ती डॉकला येतात तेव्हा जास्त खराब होऊन येतात. हे चक्र एकदा चालू झालं की थांबवायला वर्षं लागतात. म्हणून फायर वॉचच्या माणसाचा पगार वाचवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरची मला मनापासून चीड येते, दिवसाचे हजार रुपये वाचवायचे आणि पणाला काय लावायचं तर अख्खं जहाज.

मुंबईत हे सगळं नवीन नाही खरं तर. ब्रिटिशांनी इथे १७५० मध्ये ड्राय डॉक बांधला तो मुख्यतः बूड साफ करायला आणि दुरुस्तीला, कारण इथली भरती-ओहोटी त्याला सोयीची. आणि त्याही आधी आपल्या आंग्र्यांना ते माहीत होतं, विजयदुर्गजवळ गिर्येला खाडीकाठी आंग्रेकालीन गोदी आहे, कधी गेलात तर किल्ला बघून परत फिरू नका, तीही बघा. कोकणात आजही पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारतात, फळी तपासतात, तेल देतात. तिथल्या माणसाला जहाज म्हणजे दरवर्षीचा खर्च हे कोणी समजवावं लागत नाही. डॉकची कमतरता मात्र आपल्याला फार वर्षं नडली. विमानवाहू जहाज बसेल असा नेव्हीचा स्वतःचा डॉक मुंबईत सुरू झाला तो सप्टेंबर २०१९ मध्ये, २८१ मीटर लांब. जुनी विक्रांत १९६१ पासून, विराट १९८७ पासून, आणि डॉक २०१९ ला. आधी डॉक मग जहाज हा क्रम आपल्याकडे कधीच नव्हता.

काय करायला पाहिजे म्हणाल तर माझं मत साधं आहे. एक, ज्या दिवशी जहाजाची ऑर्डर जाहीर होते त्याच दिवशी तीस वर्षांच्या मेंटेनन्सचा अंदाज पण जाहीर करा, शेजारी शेजारी, म्हणजे बाराशे कोटींच्या बातमीने कोणाला धक्का बसणार नाही. दुसरं, जहाज विकत घेताना ड्रॉइंग, टेस्ट बेंच, स्पेअर्स हे त्याच करारात, कारण नंतर घेतलं की विकणारा भाव सांगतो आणि आपण मान हलवतो. तिसरं, गेजिंग आणि सर्व्हे डॉकिंगच्या दीड-दोन वर्षं आधीपासून, जहाज चालू असतानाच, जेवढं होईल तेवढं. पाण्यावर असताना सुद्धा आतून बरंच मोजता येतं, अंडरवॉटर डायव्हर पाठवून सी-चेस्ट (समुद्राचं पाणी आत घेणारे कप्पे) बघता येतात. ग्रोथ शून्य होणार नाही, पण अर्ध्यावर आली तरी कितीतरी कोटी वाचतील आणि डॉक लवकर रिकामा होईल.

हे जमण्यासारखं आहे असं मला वाटतं कारण काम आपल्याकडे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकन नेव्हीचं चार्ल्स ड्रू हे जहाज दुरुस्तीला चेन्नईजवळ कट्टुपल्लीला आलं, त्यांचं भारतात दुरुस्त झालेलं पहिलंच जहाज, आणि त्यानंतर माझगाव डॉकशी आणि कोचीनशीही त्यांचे रिपेअरचे करार झाले. ते आले कारण इथे काम चांगलं होतं आणि परवडतं. पण जानेवारी २०२५ ला मुंबईत एकाच दिवशी सुरत, निलगिरी आणि वाघशीर अशी तीन जहाजं नौदलात आली. त्यांचे पहिले मोठे रिफिट जवळपास एकाच सुमारास येणार. तेव्हा कुठल्या डॉकमध्ये कोण चढणार, स्पेअर्स कोणत्या गोडाउनमध्ये असतील, वेल्डर कुठून येतील, याची यादी आत्ता करायला घेतली तरच वेळेवर होईल, आणि अशी यादी कुठे चालू असेल तर तिची बातमी मला जलावतरणाच्या फोटोपेक्षा जास्त आवडेल.